इनोसंट: बाबूरावच्या आधीचा मत्तायी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मलयाळम सिनेमे हल्ली मराठी घरांमध्येही आवडीने पाहिले जातात. पण चर्चा बहुतेक नव्या दिग्दर्शकांची आणि थरारपटांची होते. जुन्या विनोदी चित्रपटांकडे वळलेल्या माणसाला दर दुसऱ्या सिनेमात एक चेहरा भेटतो: किंचित वाकडं तोंड, मोठे डोळे, लुंगीसारखं नेसलेलं मुंडू आणि गाण्यासारखी वरखाली होणारी बोली. हे इनोसंट. त्यांच्याबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

इनोसंट हे खरं नाव की पडद्यावरचं?

खरंच नाव. केरळच्या त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंगालकुडा गावात १९४८ साली एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील वरीद, आई मार्गलीता. त्या भागातल्या ख्रिस्ती घरांमध्ये लॅटिन आणि इंग्रजी वळणाची नावं सर्रास ठेवली जातात, त्यामुळे तिथे हे नाव कुणाला विचित्र वाटत नाही. केरळभर लोक त्यांना ‘इनोसंटेट्टन’ म्हणत. ‘चेट्टन’ म्हणजे थोरला भाऊ, आपण ‘दादा’ म्हणतो तसं. खासदार झाल्यावरही हे संबोधन बदललं नाही.

हेरा फेरीतला बाबूराव आपटे मुळात मलयाळम होता, हे खरं का?

खरं आहे, आणि मराठी माणसाने इनोसंट यांच्याकडे बघण्याचं पहिलं कारण हेच असायला हवं.

१९८९ मध्ये सिद्दीक आणि लाल या नव्या दिग्दर्शकजोडीचा ‘रामजी राव स्पीकिंग’ आला. त्यात मन्नार मत्तायी नावाचा एक अधेड माणूस ‘उर्वशी थिएटर्स’ नावाची नाटक कंपनी चालवतो. म्हणजे कंपनीची पाटी आहे, पण नाटकाला सुपारी कुणी देत नाही. घरात एक भाडेकरू आहे, तो भाडं देत नाही. त्यात वडिलांच्या जागेवर नोकरी मिळावी म्हणून खेटे घालणारा दुसरा तरुण येऊन पडतो. मग टेलिफोनच्या घोळातून एका अपहरणकर्त्याचा फोन चुकून या तिघांकडे येतो आणि खंडणीच्या पैशात आपलाही हात मारून घ्यावा असं त्यांना वाटू लागतं.

पुढचं सांगायची गरज नाही. २००० साली प्रियदर्शन यांनी हीच गोष्ट हिंदीत केली. नाटक कंपनीच्या जागी ‘स्टार गॅरेज’ आलं आणि मत्तायीचा बाबूराव गणपतराव आपटे झाला.

यात मला सगळ्यात जास्त विचार करण्यासारखी गोष्ट वाटते ती भाषेची. मत्तायी ही व्यक्तिरेखा एका विशिष्ट प्रदेशाच्या बोलण्याशिवाय उभीच राहत नाही. तो शुद्ध पुस्तकी मलयाळममध्ये बोलला असता तर निम्मा विनोद गेला असता. हिंदीत नेताना प्रमाण हिंदी बोलणारा मत्तायी चालला नसता, कारण त्याची माती हरवली असती. म्हणून त्याला दुसरी माती दिली गेली: मराठी वळणाची हिंदी, मराठी आडनाव, मराठी मध्यमवयीन माणसाचा तापटपणा आणि अगतिकता. एका बोलीच्या जागी दुसरी बोली आली. बाबूराव आपल्याला इतका आपला वाटतो त्यामागे इरिंगालकुड्याच्या एका नटाने घडवलेला साचा आहे.

मग परेश रावल यांनी इनोसंट यांची नक्कल केली का?

नाही, आणि दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले की हे लगेच कळतं. रावल यांचा बाबूराव बाहेरून रंगवलेला आहे: जाड भिंगांचा चष्मा, पुढे आलेले दात, धोतर, चालण्याची लकब. इनोसंट यांचा मत्तायी जवळजवळ काहीच ‘लावून’ घेत नाही. तो रोज शेजारी दिसणाऱ्या माणसासारखा आहे. रावल चिडतात तेव्हा स्फोट होतो. इनोसंट चिडतात तेव्हा आधी डोळे मोठे होतात, मग आवाज वर जातो आणि आपल्या चिडण्याचा समोरच्यावर काही परिणाम होत नाहीये हे लक्षात येताच तो आवाज हळूच खाली येतो. ही उतरण हा त्यांचा खास गुण.

हा योगायोग एकदाच घडला असंही नाही. सिद्दीक–लाल यांच्या ‘गॉडफादर’मध्ये (१९९१) इनोसंट स्वामिनाथन झाले होते. बापाने घरात बाई आणायची नाही असा दंडक घातलेला, आणि हा मुलगा चोरून संसार थाटून बसलेला. त्या चित्रपटावरून प्रियदर्शन यांनी २००४ मध्ये ‘हलचल’ केला, तेव्हा हा चोरून लग्न केलेला भाऊ परेश रावल झाले. फाजिल यांच्या ‘मणिचित्रत्ताळ’मध्ये (१९९३) इनोसंट यांचा उण्णित्तान आहे, घरात बढाया मारणारा आणि वाड्यातल्या भुताच्या नुसत्या नावाने गळून जाणारा. ‘भूलभुलैया’त (२००७) तो बटुकशंकर उपाध्याय झाला आणि पुन्हा परेश रावल यांच्याकडेच आला. मूळ चित्रपटात उण्णित्तानच्या बायकोचं काम केपीएसी ललिता यांनी केलं होतं. हिंदीत ती जागा आपल्या रसिका जोशी यांनी घेतली.

तीन चित्रपट, तीन भूमिका. हिंदी प्रेक्षकाला जो ‘प्रियदर्शनच्या सिनेमातला परेश रावल’ ठाऊक आहे, त्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी इनोसंट आहेत. प्रत्येक वेळी हिंदी पोस्टरवर त्यांचं नाव असायचं कारण नव्हतं, पण प्रेक्षक म्हणून आपण ते ठाऊक करून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

ते स्वतः हिंदी चित्रपटात दिसले का?

हो. प्रियदर्शन यांच्या ‘मालामाल वीकली’त (२००६) लॉटरीचं तिकीट हातात धरून मरण पावलेला अँथनी म्हणजे इनोसंट. सगळा चित्रपट त्याच्याभोवती फिरतो आणि त्याला बोलायला फारसं मिळत नाही. ज्याने आपल्या भाषेत नुसत्या बोलण्यावर थिएटर डोक्यावर घ्यायला लावलं, त्या नटाच्या वाट्याला हिंदीत मृतदेहाची भूमिका यावी याची मला हळहळ वाटते. पण त्या निर्जीव चेहऱ्यावरही तृप्ती दिसते, हेही खरं.

शिक्षण किती झालं होतं?

आठवीपर्यंत. शाळा बदलून पाहिल्या, उपयोग झाला नाही.

सिनेमाआधी ते काय करत होते?

बरंच काही, आणि त्यातलं फारसं काही टिकलं नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते मद्रासला गेले. तेव्हा मलयाळम सिनेमाचा कारभार तिथूनच चाले. चित्रपटांच्या निर्मिती विभागात पडेल ते काम केलं. १९७२ च्या ‘नृत्तशाला’मध्ये पहिली छोटी भूमिका मिळाली. त्यानंतरही तुकड्यातुकड्याच्या भूमिका येत राहिल्या, पण त्यावर पोट भरत नव्हतं. मधल्या काळात ते कर्नाटकातल्या दावणगेरेला आगपेट्यांच्या कारखान्यात होते. चामड्याच्या वस्तूंचा धंदा करून पाहिला. १९७६ मध्ये ॲलिस यांच्याशी लग्न झालं. १९७९ मध्ये इरिंगालकुडा नगरपालिकेत अपक्ष नगरसेवक म्हणून निवडून आले.

हा तपशील त्यांच्या अभिनयापासून वेगळा काढता येत नाही. दुकानदार, दलाल, कारखान्यातला मुकादम, नगरपालिकेत चकरा मारणारा माणूस, उधारी टाळणारा आणि उधारी मागणारा, अशी सगळी माणसं त्यांनी पडद्यावर येण्याआधी जवळून पाहिली होती. त्यातली काही ते स्वतः होते.

ते निर्माते होते असं वाचलं. तेही विनोदी चित्रपटांचे?

निर्माते होते, पण विनोदी चित्रपटांचे नव्हेत. हा त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मित्र डेव्हिड काचप्पिळ्ळी यांच्यासोबत त्यांनी चित्रपट काढायला घेतले. मोहन यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘विड परयुम मुन्पे’साठी (१९८१) नेडुमुडी वेणू यांना, तर भरतन यांच्या ‘ओर्मय्क्कायि’साठी (१९८२) भरत गोपी यांना केरळ राज्याचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. लागोपाठ दोन वर्षं राज्यातला सर्वोत्तम अभिनय आठवी नापास पोराने उभ्या केलेल्या चित्रपटांत झाला, असं म्हणायला हरकत नाही. गंभीर, संथ, माणसांच्या दुःखाजवळ थांबणारे हे चित्रपट होते. पुढे ज्याला लोक नुसतं हसवणारा म्हणून ओळखू लागले, त्याची आवड काय होती हे यातून कळतं.

प्रसिद्धी इतक्या उशिरा का मिळाली?

‘रामजी राव’ आला तेव्हा इनोसंट चाळिशी ओलांडून गेले होते. उशिराचं एक कारण सिनेमाच्या घडणीत आहे. जुन्या मलयाळम चित्रपटांत विनोदाची वेगळी खोली असे. अडूर भासी, बहादूर यांच्यासारखे मोठे विनोदी नट होते, पण त्यांचे प्रसंग बऱ्याचदा मुख्य कथेला समांतर चालत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात सत्यन अंतिक्काड, प्रियदर्शन, श्रीनिवासन आणि नंतर सिद्दीक–लाल यांनी हे बदललं. बेकारी, उधारी, वशिला, फसवणूक ही कथाच विनोदी झाली आणि नायकही हसवू लागला. अशा चित्रपटांना मलयाळममध्ये ‘चिरिप्पडम’ म्हणतात, हशाचा सिनेमा. या नव्या मांडणीत नायकाशेजारी उभा राहून कथा पुढे ढकलणारा, सगळ्यांच्या ओळखीचा असा मोठ्या वयाचा माणूस हवा होता. इनोसंट तोवर नेमके त्या वयात आले होते.

आणखी एक गोष्ट. त्या काळात पुढे आलेले बरेच जण, सिद्दीक आणि लाल धरून, कोचीच्या ‘कलाभवन’च्या मिमिक्री परंपरेतले होते. इनोसंट मिमिक्रीतून आले नव्हते. उलट पुढची कित्येक वर्षं केरळच्या प्रत्येक मिमिक्री कलाकाराच्या यादीत इनोसंट यांचा आवाज असायचा.

त्यांच्या विनोदात नेमकं वेगळं काय?

ते विनोद सांगत नाहीत. एवढं एकच लक्षात ठेवून त्यांचे चित्रपट पाहिले तर पुरे. इनोसंट यांच्या माणसाला काहीतरी हवं असतं: पैसा, मान, शांत झोप, बायकोच्या नजरेत किंमत. ते मिळवण्यासाठी तो स्वतःच्या मते फार हुशारीची चाल खेळतो. हशा त्या दोन्हींमधल्या अंतरातून येतो. म्हणून त्यांची वाक्यं कागदावर लिहून पाहिली तर बऱ्याचदा त्यात काही विनोदी नसतंच.

प्रियदर्शन यांच्या ‘किलुक्कम’मधला (१९९१) लॉटरीचा प्रसंग याचं सर्वात चांगलं उदाहरण. उटीमध्ये एका कडक स्वभावाच्या निवृत्त न्यायाधीशाकडे (तिलकन) किट्टुण्णी हा स्वयंपाकी-नोकर आहे. आयुष्यभर शिव्या खाल्लेल्या. तो लॉटरीचं तिकीट काढतो आणि निकाल वाचून दाखव म्हणून घरातल्या मुलीला (रेवती) विनवतो. ती गंमत म्हणून त्याच्या तिकिटावरचाच नंबर निकालाचा म्हणून वाचते. एकेक आकडा जुळत जातो तसा इनोसंट यांचा चेहरा बदलत जातो. आधी त्यात हावरेपणा आहे, मग अविश्वास, मग भीती आणि शेवटच्या आकड्याला तो आडवाच होतो. शुद्धीवर आल्यावर तो नाचत बसत नाही. इतक्या वर्षांचं पोटात साठवलेलं सगळं मालकाच्या तोंडावर ओकून टाकतो, ऐटीत निघतो. खरं काय ते कळतं तेव्हा परतीचा रस्ता त्याने स्वतःच बंद करून टाकलेला असतो.

केरळात सरकारी लॉटरी १९६७ पासून चालू आहे आणि तिकीट विकणारा माणूस तिथल्या प्रत्येक नाक्यावर दिसतो. त्यामुळे थिएटरात बसलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी ते स्वप्न पाहिलेलं होतं. लोक किट्टुण्णीला हसले, पण त्याने मालकाला सुनावलं तेव्हा टाळ्या वाजवणारेही तेच लोक होते. मी हा प्रसंग पहिल्यांदा उपशीर्षकांशिवाय पाहिला. एक शब्द कळला नाही आणि तरीही सगळं कळलं.

मलयाळम येत नसेल तर काय हुकतं?

बोली हुकते. त्रिशूर जिल्ह्याची बोली केरळात लगेच ओळखू येते. वाक्याला हेलकावा असतो, शब्दांची टोकं तुटतात, ‘काय’ विचारताना प्रमाण ‘एन्ता’ऐवजी ‘एन्तूट्टा’ येतं. इनोसंट यांनी ही बोली कधी सोडली नाही. मत्तायीच्या नावातलं मन्नार हे गाव आलप्पुळा जिल्ह्यातलं आहे, पण मत्तायी बोलतो तो इनोसंट यांच्याच ढंगात आणि प्रेक्षकांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मालवणी किंवा वऱ्हाडी नाटक पाहिलेल्या माणसाला बोलीच्या सुरातच हसू कसं दडलेलं असतं हे सांगायला नको. उपशीर्षकांत तो सूर येत नाही. म्हणून सुचवेन की पहिल्यांदा अर्थासाठी पाहा आणि आवडलेला प्रसंग दुसऱ्यांदा फक्त ऐका.

त्यांच्या चित्रपटांत हिंदीवरून बरेच विनोद आहेत असं वाटतं. खरं का?

दोन ठळक उदाहरणं आहेत आणि दोन्ही मराठी प्रेक्षकाला विशेष भावतील. ‘गजकेसरियोगम’मध्ये (१९९०) ते माहूत आहेत. मोठ्या हौसेने घेतलेल्या हत्तीला मलयाळम समजतच नाही, फक्त हिंदी समजते. मग माहुतावर हिंदी शिकायची पाळी येते. अख्ख्या चित्रपटाचा भार इनोसंट यांच्या खांद्यावर आहे आणि तो त्यांनी पेलला आहे.

दुसरा सत्यन अंतिक्काड यांचा, श्रीनिवासन यांनी लिहिलेला ‘संदेशम’ (१९९१). एका घरातले दोन भाऊ दोन पक्षांत, आणि पक्षाच्या पायी घर वाऱ्यावर, अशी ही गोष्ट. त्यात उत्तरेकडून आलेला राष्ट्रीय नेता यशवंत सहाय म्हणजे इनोसंट. नेता हिंदीत बोलतो, स्थानिक कार्यकर्त्यांना ते धड कळत नाही आणि साधं शहाळ्याचं पाणी मागणंसुद्धा मोठं प्रकरण होऊन बसतं. भूमिका काही मिनिटांची आहे. केरळात आजही राजकारणावरच्या गप्पांत तिची आठवण निघते. दिल्लीहून येणारा नेता आणि त्याच्यापुढे अवघडलेले गावचे कार्यकर्ते हे दृश्य आपल्यालाही अनोळखी नाही.

केपीएसी ललिता यांच्यासोबतची जोडी इतकी का गाजली?

कारण ते दोघे खरेच संसार केलेले वाटत. ललिता ‘केरळ पीपल्स आर्ट्स क्लब’ या डाव्या विचारांच्या नाट्यसंस्थेतून आल्या होत्या, नावातलं केपीएसी तिथलंच. त्यांचा अभिनय नाटकात मुरलेला, इनोसंट यांचा कुठेच न शिकलेला. ‘गजकेसरियोगम’, ‘गॉडफादर’, ‘मणिचित्रत्ताळ’ या तिन्हींत पाहा: तो फुशारकी मारतो, ती ऐकून घेते आणि मग एका नजरेत त्याची हवा काढून घेते. भांडणात दोघांपैकी कुणीही दुसऱ्याचं वाक्य खात नाही. ललिता २०२२ च्या फेब्रुवारीत गेल्या, इनोसंट त्यानंतर वर्षभराने.

गंभीर भूमिका केल्या का?

केल्या, आणि त्या बघितल्याशिवाय त्यांच्याबद्दल मत बनवू नये. भरतन यांच्या ‘केळि’मध्ये (१९९१) ते खलनायकी छटेचे व्यापारी आहेत. तोच चेहरा, तेच डोळे, पण आता त्यांची भीती वाटते. ‘देवासुरम’मधला (१९९३) वारियर हा उधळ्या जमीनदाराचा एकनिष्ठ माणूस. मालकाच्या चुका दिसत असूनही त्याला न सोडणारा. सिद्दीक–लाल यांच्या ‘काबूलीवाला’त ते आणि जगती श्रीकुमार भंगार गोळा करणारी जोडगोळी झाले होते. कन्नास आणि कडलास ही नावं केरळात अजून दोन जिवलग मित्रांना चिडवायला वापरली जातात. चित्रपट हसवत सुरू होतो आणि संपताना घशात आवंढा ठेवून जातो. ‘मनस्सिनक्करे’तला (२००३) दारूडा पण मुलावर जीव टाकणारा बाप मला स्वतःला फार आवडतो. ‘पत्तां निलयिले तीवंडी’ (२००९) या चित्रपटात तर त्यांनी मानसिक आजाराने ग्रासलेल्या माणसाची मध्यवर्ती भूमिका केली.

पुरस्कार?

‘मळविल कावडी’साठी (१९८९) केरळ राज्याचा द्वितीय सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार. ‘पत्तां निलयिले तीवंडी’साठी केरळच्या चित्रपट समीक्षकांचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार. सातशेहून अधिक चित्रपटांसाठी ही यादी तोकडी आहे. विनोदी नटांच्या बाबतीत असं होतं, आणि ते चूक आहे.

त्यांचं कर्करोगावरचं पुस्तक कसं आहे?

२०१२ मध्ये त्यांना लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. केरळातले ख्यातनाम कर्करोगतज्ज्ञ डॉ. व्ही. पी. गंगाधरन यांनी उपचार केले. ते बरे होत असतानाच पत्नी ॲलिस यांनाही कर्करोग असल्याचं कळलं. या सगळ्या काळावर त्यांनी ‘कॅन्सर वॉर्डिले चिरि’ हे पुस्तक लिहिलं. नावाचा अर्थ ‘कॅन्सर वॉर्डातलं हसू’.

हे नाव धाडसाचं होतं. एकेकाळी आपल्याकडे आणि तिथेही या आजाराचं नाव घरात मोठ्याने घेत नसत. नट तर आजार लपवतातच, कामं जातील या भीतीने. इनोसंट यांनी उलट केलं. आजाराबद्दल सभांमध्ये, मुलाखतींत, मतं मागतानाही ते मोकळेपणी बोलले. पडद्यावर त्यांनी आयुष्यभर घाबरलेली माणसं रंगवली होती, त्यामुळे भीती लपवायची गरज त्यांना वाटली नसावी. ती सांगता येते आणि सांगताना हसताही येतं, हे त्यांना कामातून ठाऊक होतं. पुढे आजार पुन्हा उलटला, पुन्हा उपचार झाले आणि ते पुन्हा सेटवर गेले.

राजकारणात कसे आले? खासदार म्हणून काय केलं?

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीत चालकुडी मतदारसंघातून डाव्या आघाडीच्या पाठिंब्यावर ते अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसचे ज्येष्ठ नेते पी. सी. चाको यांना हरवलं. (हेच चाको २०२१ मध्ये शरद पवारांच्या राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये आले.) खासदार असताना त्यांनी आपला अनुभव कामी लावला. मतदारसंघातल्या सरकारी रुग्णालयांत स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी मॅमोग्राफीची यंत्रं बसवण्यासाठी त्यांनी पुढाकार घेतला. २०१९ मध्ये ते मार्क्सवादी पक्षाच्या चिन्हावर लढले आणि काँग्रेसच्या बेन्नी बेहनान यांच्याकडून एक लाखाहून अधिक मतांनी हरले. त्यानंतर ते निवडणुकीला उभे राहिले नाहीत.

‘अम्मा’च्या अध्यक्षपदावरून त्यांच्यावर टीका का झाली?

‘अम्मा’ म्हणजे मलयाळम चित्रपट कलाकारांची संघटना. इनोसंट तिचे कित्येक वर्षं सलग अध्यक्ष होते, २०१८ मध्ये मोहनलाल येईपर्यंत. सगळ्यांशी जमवून घेणारा माणूस म्हणून ते त्या खुर्चीत टिकले. वृद्ध कलाकारांना दरमहा मदत देण्याची योजना या संघटनेने चालवली, तिचं श्रेय त्यांनाही जातं.

पण दोन प्रसंगी हे जमवून घेणं अंगाशी आलं. २०१० मध्ये संघटनेने तिलकन यांना काढून टाकलं. मलयाळम सिनेमातल्या सर्वश्रेष्ठ नटांपैकी एक, ‘किलुक्कम’मधला तोच न्यायाधीश. तिलकन २०१२ मध्ये वारले. त्यांना मिळालेली वागणूक हा आजही अनेक प्रेक्षकांच्या मनातला सल आहे.

दुसरा प्रसंग २०१७ चा. फेब्रुवारीत एका अभिनेत्रीचं अपहरण करून तिच्यावर अत्याचार झाले आणि पुढे त्या प्रकरणात एका आघाडीच्या नटाला अटक झाली. त्या काळात पत्रकारांशी बोलताना इनोसंट यांनी चित्रपटसृष्टीत आता स्त्रियांचं शोषण होत नाही असं सांगितलं आणि तसं घडत असेल तर दोष त्या बायकांचाच, असा अर्थ निघेल असं बोलून गेले. चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या संघटनेने जाहीर निषेध केला, नंतर त्यांनी खुलासा केला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. शोषण किती खोलवर रुजलेलं होतं हे त्यात आहे. मी इनोसंट यांच्यावर जीव लावणारा प्रेक्षक आहे आणि तरीही हे वाक्य चुकीचं होतं, त्याने त्या क्षणी धीर हवा असलेल्या बायकांना एकटं पाडलं, असंच माझं मत आहे.

पहिल्यांदाच पाहणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?

‘रामजी राव स्पीकिंग’पासून. बाबूराव तोंडपाठ असल्यामुळे गोष्ट समजून घ्यायला कष्ट पडणार नाहीत आणि सगळं लक्ष अभिनयाकडे देता येईल. मग ‘किलुक्कम’. त्यानंतर ‘संदेशम’, पण तो घरातल्या राजकारणात रस असलेल्या मंडळींसोबत पाहा. ‘मणिचित्रत्ताळ’ ‘भूलभुलैया’ पाहिलेला असला तरी पाहाच, तो फार वेगळ्या उंचीचा चित्रपट आहे. ‘काबूलीवाला’ आणि ‘मनस्सिनक्करे’ शेवटी ठेवा. ‘मन्नार मत्तायी स्पीकिंग’ (१९९५) हा ‘रामजी राव’चा पुढचा भाग, पण तो पहिल्याची ओळख झाल्यावरच रंगतो. २०१४ चा तिसरा भाग नाही पाहिला तरी चालेल.

त्यांचं निधन कधी झालं? शेवटचा चित्रपट कोणता?

२६ मार्च २०२३ रोजी रात्री कोचीच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं. कर्करोग उलटल्यामुळे ते गेले असा अनेकांचा समज आहे. रुग्णालयाने मात्र कोविडचा संसर्ग, श्वसनाचे आजार, अवयव निकामी होणं आणि हृदयविकाराचा झटका ही कारणं सांगितली होती. कोचीच्या इनडोअर स्टेडियममध्ये आणि नंतर इरिंगालकुड्याच्या टाउन हॉलमध्ये लोकांनी रांगा लावून दर्शन घेतलं. २८ मार्चला गावच्या सेंट थॉमस कॅथीड्रलच्या दफनभूमीत त्यांना निरोप देण्यात आला. सिद्दीक–लाल जोडीतले सिद्दीकही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले.

इनोसंट गेल्यावर महिनाभराने, २८ एप्रिलला, ‘पाच्चुवुम अद्भुतविळक्कुम’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक अखिल सत्यन, म्हणजे सत्यन अंतिक्काड यांचा मुलगा. ज्या घराण्याच्या चित्रपटांत इनोसंट यांचं उमेदीचं वय गेलं, त्याच घरातल्या पुढच्या पिढीसाठी त्यांनी हे काम केलं होतं. चित्रपटाचा नायक मुंबईत औषधांचं दुकान चालवणारा मल्याळी तरुण आहे.